मिस्त्रींची पुली

मिस्त्री तापट होते, असं आता सगळे सांगतात. वकील सांगतात, मास्तर सांगतात. धादांत खोटं आहे. नऊ वर्षं मी त्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. नऊ वर्षांत ते एकदाच चिडले, आणि खरं म्हणजे फार आधी चिडायला हवे होते. तापट मी आहे. हे लिहितानाही माझा हात शिवशिवतोय. म्हणून पहिल्यापासून सांगते, म्हणजे कुणावर किती चिडायचं ते ज्याचं त्याला ठरवता येईल. माझ्यावरही चिडायचंय, ते पुढे येईलच.

आमचं मंडळ सहा जणांचं. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहाला आम्ही जॅझ ऐकायला जमायचो. दुकान आणि खोली काकांची. काका भिंगं घासतात, त्यांची बायको, म्हणजे काकू, डोळ्यांचे नंबर तपासतात. मास्तर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतरचा त्यांचा उद्योग एकच, वकिलांची री ओढणं. मी दातांच्या कवळ्या बनवते, म्हणून माझं नाव तिथे कवळीताई पडलं. कुणी मला त्याबद्दल विचारलं नाही, पण मला ते आवडायचं. मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. आणि वकीलसाहेब वकील होते. साहेब मी इथपर्यंतच म्हणणार आहे, यापुढे नुसतं वकील.

मंडळाचे नियम वकिलांनी केले होते आणि ते आम्हाला फार आवडायचे. ज्याची पाळी असेल त्याने एक रेकॉर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची. कव्हर कुणी पाहायचं नाही, तबकडीवरचा कागदही नाही. कोण वाजवतंय, कुठल्या सालचं आहे, काही सांगायचं नाही. काका पाठ करून उभे राहायचे आणि रेकॉर्ड लावायचे. सुई वर उचलेपर्यंत कुणी एक अक्षर बोलायचं नाही. मग चहा, मग भांडण, आणि शेवटी हात वर. 'ठेवायची' की 'परत'. ठेवायची ठरली तर रेकॉर्ड काचेच्या कपाटात जायची आणि कायमची मंडळाची व्हायची. परत ठरली तर आणणाऱ्याने ती तशीच गुंडाळून काखेत मारून घरी न्यायची. दहा वर्षांत माझ्या अकरा रेकॉर्डी परत आल्या होत्या. बसस्टॉपपर्यंत चालताना ती काखेतली तबकडी किती जड होते, ते ज्याने नेली त्यालाच कळतं.

आणखी एक नियम होता. खोलीत घड्याळ नको. पूर्वी एक भिंतीवर होतं, पण एकदा ड्रमवाला नुसते ब्रश फिरवत असताना त्याची टिकटिक मध्ये आली आणि वकिलांनी ते त्याच दिवशी उतरवलं. पुढे पुढे मनगटावरची घड्याळंसुद्धा दाराशी एका ताटलीत काढून ठेवायची पद्धत पडली. फोन बंद. 'इथे वेळ बाहेर ठेवून यायचं,' असं वकील म्हणायचे आणि मास्तर डोळे मिटून मान हलवायचे. मीसुद्धा हलवायचे. त्या वाक्याची आता मला शिसारी येते.

आणि आमचं मशीन! काकांचा जुना, जड रेकॉर्ड प्लेअर. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्या मोटरवरची पुली झिजली. तसली नवी कुठे मिळेना, म्हणून काकांनी भिंगाच्या लेथवर स्वतः पितळेची पुली कातून बसवली. तेव्हापासून मशीनला एक चमक आली, असं सगळ्यांचं मत. इथे ट्रम्पेट कसा लखलखतो! इथे पियानो कसा जिवंत वाटतो! घरी तीच रेकॉर्ड लावली की मरगळलेली. मी स्वतः माझ्या घरच्या मशीनला दोष द्यायचे. मास्तरांनी तर आपलं मशीन भाच्याला देऊन टाकलं. म्हणाले, 'हे बसकं वाजतं, कानाची सवय बिघडेल.'

मिस्त्री मंडळात आले ते लिफ्टमुळे. दुकान ज्या इमारतीत आहे तिथली लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं वर थांबायची आणि लोक ठेचकाळायचे. एका रविवारी मिस्त्री ती बघायला आले आणि आवाज ऐकून आमच्या दाराशी उभे राहिले. हाताला ग्रीस, मागच्या खिशात फडकं, उजव्या अंगठ्याचं नख मधोमध फाटलेलं. काकूंनी आत बोलावलं. ते बसले नाहीत, भिंतीला हात लागणार नाही असे उभे राहून अख्खी बाजू ऐकली. सुई उचलल्यावर वकिलांनी थट्टेने विचारलं, "काय मिस्त्री, कसं वाटलं?"

मिस्त्री म्हणाले, "बास वाजवणाऱ्याचं करंगळीशेजारचं बोट दुखत होतं. शेवटी शेवटी तो त्याला वाचवत होता." मग जरा थांबून म्हणाले, "आणि तुमच्या या मशीनची मोटर पळते हं. थोडीच, पण पळते."

सगळे हसले. वकील म्हणाले, "मिस्त्री, ही लिफ्ट नाही." आम्ही आणखी हसलो.

मिस्त्रीही हसले. पुढच्या रविवारी ते धुतलेला शर्ट घालून आले आणि मोटरचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मला हे तेव्हा समजलं नाही. आज समजतं की त्या माणसाला त्या खोलीतली एक खुर्ची हवी होती, आणि ती मिळावी म्हणून त्याने आपल्या कानावर हात ठेवला.

लिफ्टच्या मोटरला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाच्या हाडाला टेकवायची आणि आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षं तेच केलेलं. पुस्तकं वाचलेली नाहीत, कुठल्या साली कोण कुठल्या बँडमध्ये होतं ते तोंडपाठ नाही. वकील अर्धा तास व्याख्यान द्यायचे आणि मिस्त्री शेवटी एवढंच म्हणायचे, "इथे पियानोवाला रागावलाय. कुणावर ते नाही कळलं." आणि पुढच्या खेपेला ऐकावं तर खरंच तो रागावलेला असायचा.

आमची भांडणं बहुतेक वेगावरून व्हायची. वकिलांचा सिद्धांत होता की खरा जॅझ संथच. घाई म्हणजे नाचणाऱ्यांची करमणूक. जलद रेकॉर्ड लागली की ते नाक मुरडायचे. "हे लोक कुठली गाडी पकडायला निघालेत?" आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत जलद रेकॉर्डी पटायच्याच नाहीत. धापा टाकत असल्यासारख्या वाजायच्या. संथ रेकॉर्डी मात्र कशा डौलात चालायच्या. बघता बघता काचेचं कपाट संथ रेकॉर्डींनी भरलं आणि सिद्धांत सिद्ध झाला. वकिलांनी प्रत्येक निकाल कारणांसकट वहीत लिहून ठेवला होता. अशा सात वह्या.

आता मिस्त्रींच्या घरचं सांगते. मलाही हे नंतर कळलं, पण तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं. मिस्त्रींचे वडील तरुणपणी उभा बास, म्हणजे ते माणसाएवढं तारवाद्य, वाजवायचे, एका हॉटेलातल्या नाचाच्या हॉलमध्ये, अकरा वर्षं. मग हॉल बंद झाला, तिथे फर्निचरचं दुकान आलं आणि वडील एका कचेरीत लिफ्ट चालवायला लागले. स्टुलावर बसून वर-खाली, वर-खाली. मिस्त्री शाळा सुटली की त्या लिफ्टच्या कोपऱ्यात बसून अभ्यास करायचे. बासबद्दल विचारलं की वडील म्हणायचे, "बरा वाजवायचो. पण लोक नाचायला यायचे रे, ऐकायला कोण येतंय." हे ते तक्रार म्हणून सांगत नसत. हवापाणी सांगावं तसं सांगत. पण मिस्त्रींच्या ते घशात अडकलं होतं.

वडिलांच्या बँडने एकच रेकॉर्ड केली होती. दहा इंची, मोजक्याच प्रती. घरातली प्रत बिऱ्हाड बदलताना फुटली. मिस्त्री वीस वर्षं दुसरी शोधत होते. ती मिळाली बंद पडलेल्या लिफ्टमध्ये. एक बाई चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध चाळीस मिनिटं अडकल्या होत्या आणि घाबरून रडत होत्या. मिस्त्री वरून काम करता करता त्यांचं मन रमवायला बोलत राहिले, लिफ्टबद्दल, वडिलांबद्दल, त्या हॉलबद्दल. बाई रडायच्या थांबल्या आणि आतून म्हणाल्या, "अहो, माझ्या नवऱ्याने लग्नाआधी मला त्याच हॉलमध्ये नेलं होतं. त्या बँडची रेकॉर्ड आहे माझ्याकडे." ट्रंकेच्या तळाशी होती. एक चरासुद्धा नाही.

वडील तेव्हा चौऱ्याऐंशीचे. डावा कान गेलेला, उजवाही जायच्या मार्गावर. मिस्त्रींनी रेकॉर्ड घरी आणून थेट लावली नाही. त्यांनी मनात काहीतरी धरलं होतं. आमच्या खोलीत, जिथे कुणाचं नाव ठाऊक नसतं, तिथे जाणकार माणसं गप्प बसून ती ऐकतील. मग कौतुक होईल ते मुलाने केलेलं नसेल, ओळखीचं नसेल. आणि वडील ते पडद्याआडून ऐकतील. एकदा, कान आहे तोवर. यात त्या माणसाने काय जास्त मागितलं, सांगा मला.

आपली पाळी यायच्या आदल्या रविवारी मिस्त्रींनी फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवली. पुली. स्वतः कातलेली, काकांच्या पुलीपेक्षा केसभर बारीक.

"नऊ वर्षांपूर्वी मी म्हणालो होतो," ते म्हणाले, "मोटर पळते. काका, तुमची पुली जरा जाड आहे, म्हणून तबकडी जोरात फिरते. ही बसवू या. दहा मिनिटांचं काम आहे."

काकांनी पुली उचलून उजेडात धरली. ते बसवणार होते, मी त्यांचा चेहरा पाहिला. तेवढ्यात वकील म्हणाले, "चालू मशीनला हात लावायचा नाही. एकोणीस वर्षं आपण यावर ऐकतोय. पळत असती तर आपल्याला कळलं नसतं?"

"इतक्या जणांना कळलं नसतं?" मास्तर म्हणाले.

"नाही कळलं," मिस्त्री म्हणाले.

काकांनी पुली फडक्यात गुंडाळून परत दिली. मी माझ्या कपातला चहा बघत होते.

त्याच दिवशी माझी एक रेकॉर्ड कपाटात गेली होती. वकील सगळ्यांसमोर म्हणाले होते, "कवळीताईंचा कान तयार झाला." दहा वर्षांनी! मी अख्खा आठवडा ते वाक्य चघळत होते. साच्यात प्लास्टर ओतताना, दात घासताना, झोपताना. हे सांगताना मला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तो रविवार आला. मिस्त्री लवकर आले होते. काकूंना सांगून त्यांनी पुढचं बंद दुकान उघडून घेतलं होतं. "एक नातलग बसतील," एवढंच म्हणाले होते. मला तेही ठाऊक नव्हतं. मी मागच्या दाराने आले, ताटलीत घड्याळ ठेवलं, बसले. पुढचं दुकान आणि आमची खोली यांच्यामध्ये एक हिरवा पडदा आहे. तो त्या दिवशी ओढलेला होता.

रेकॉर्ड लागली. चौघे जण वाजवत होते, सॅक्सोफोन, पियानो, ड्रम आणि बास. चाल जलद. आमच्या मशीनवर ती आणखी जलद झाली, हे आज सांगते. सॅक्सोफोन किरटा वाटत होता, आणि बास, ज्याने खोलीच्या फरशीतून वर यायला हवं, तो बारीक होऊन टुणटुण उड्या मारत होता. तरी मला त्यात काहीतरी दिसत होतं. तो बासवाला ऐकत होता. बाकीच्या तिघांचं ऐकत होता आणि प्रत्येकाच्या खाली पाऊल ठेवायला जागा करून देत होता. हे मला तेव्हाच जाणवलं होतं. मग जाणवलं म्हणून मी काय केलं?

सुई उचलली. वकील टेकून बसले. कोर्टातला आवाज, पडदा काय, भिंतही त्याला अडवणार नाही.

"नाचाचा बँड," ते म्हणाले. "सॅक्सोफोन बरा. ड्रम ठीक. पण हा बासवाला! याला धीर नावाची गोष्टच नाही. घरी दूध उतू जात असल्यासारखा पळतोय. असा माणूस बँडमध्ये घेतलाच कसा?"

"वजन नाही," मास्तर म्हणाले. "बासला वजन हवं."

काकू म्हणाल्या, "मला तर आवडलं बाई. चांगलं खेळीमेळीचं आहे."

"खेळीमेळी वेगळी आणि संगीत वेगळं," वकील म्हणाले.

मिस्त्रींचा आवाज बसला होता. "मशीन पळतंय," ते म्हणाले. "बास पळत नाहीये. मी मागच्याच आठवड्यात..."

"मिस्त्री, रेकॉर्ड चांगली नसली की मशीनवर खापर फोडायचं नाही. हात वर करा. परत?"

वकिलांचा हात. मास्तरांचा हात. काका-काकूंनी केला नाही. मिस्त्रींची रेकॉर्ड, त्यांना हात नाही. राहिले मी. वकिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच हसले, तयार कानाच्या माणसाकडे बघून हसावं तसं.

मी हात वर केला.

"तीन विरुद्ध दोन," वकील म्हणाले. "परत."

मिस्त्री उठले. आधी त्यांनी रेकॉर्ड काढली, नीट पुसली, कागदात गुंडाळली. मग ते चिडले. आवाज चढवला असं नाही. उलट प्रत्येक शब्द सुटा काढला.

"तुम्ही इथे एकोणीस वर्षं बसताय. मोटर पळते ते तुम्हाला ऐकू येत नाही. ते जाऊ दे, मी नऊ वर्षं गप्प बसलो, ती माझी चूक. पण समोरचा माणूस काय वाजवतोय तेही ऐकू येत नाही! तुम्ही ऐकायला जमताच कशाला? निकाल द्यायला जमता. या खोलीतून जेवढ्या रेकॉर्डी परत पाठवल्यात ना, त्या एकेकाच्या दारात जाऊन माफी मागा. सुरुवात इथून करा."

आणि त्यांनी पडदा सरकवला.

चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमांच्या मधोमध, नंबर तपासायच्या उंच खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कोट घातलेला. केस पाणी लावून चापून बसवलेले. हात मांडीवर. हाताची बोटं लांब, आणि टोकांना सपाट.

"माझे वडील," मिस्त्री म्हणाले. "दूध उतू जात होतं ते यांचं."

म्हातारे हळूच खुर्चीवरून उतरले, आम्हाला नमस्कार केला, हो, आम्हालाच नमस्कार केला, आणि मुलाला म्हणाले, "चल. यांचा वेळ नको घ्यायला."

ते गेल्यावर वकील काय म्हणाले सांगू? "हा नियमभंग आहे. नातलगाची रेकॉर्ड आणायची नसते." असा नियम नव्हता. तो त्यांनी त्याच क्षणी केला आणि वहीत लिहिला.

त्या आठवड्यात मी कामावर तिघांच्या कवळ्या बिघडवल्या. आमच्याकडे साचा शिजवताना टायमर लावावा लागतो, मिनिट इकडेतिकडे झालं तर दात भुसभुशीत होतात. शुक्रवारी तो टायमर वाजला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही त्या खोलीत कधी वेळ मोजलाच नव्हता! मोजायला घड्याळ नव्हतं, आणि कव्हरवर छापलेली मिनिटं बघायची बंदी होती. टायमर पर्समध्ये घालून घरी नेला. माझ्याकडे एका रेकॉर्डच्या दोन प्रती होत्या, एक घरी, एक मंडळाच्या कपाटात. घरच्या प्रतीच्या कव्हरवर छापलं होतं, बाजू पहिली, एकवीस मिनिटं पन्नास सेकंद. घरच्या मशीनवर लावली. एकवीस पन्नास. माझ्या त्या मरगळलेल्या, बसक्या मशीनवर!

रविवारी मिस्त्री आले नाहीत. पाळी काकूंची होती. मी म्हटलं, आधी कपाटातली माझी लावा, ऐकावीशी वाटतेय. टायमर ओढणीखाली मुठीत धरला होता. सुई उचलली तेव्हा आकडा होता बरोबर एकवीस मिनिटं. पन्नास सेकंद कुठे गेले? काकांच्या पुलीने खाल्ले. जलद रेकॉर्डी धापा का टाकायच्या, कपाट संथ रेकॉर्डींनी का भरलं, मास्तरांनी भाच्याला काय देऊन टाकलं, सगळं एका आकड्यात होतं. मी टायमर टेबलावर आपटला आणि सांगितलं.

काकांचा चेहरा पडला. मास्तरांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता हा माणूस ओशाळेल. निदान घटकाभर.

"समजा," वकील म्हणाले, "समजा पळत होतं. सगळ्याच रेकॉर्डी सारख्याच पळाल्या ना? मग सगळ्यांना न्याय सारखाच मिळाला. जुने निकाल उकरायची गरज नाही. पुली बदला हवी तर, पण गाजावाजा नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. वकिलांना 'लबाड' म्हणाले एवढं आठवतं, आणि मास्तरांना 'तुमच्या तोंडात स्वतःची जीभ आहे का' असं विचारलं, तेही. मग कपाट उघडून माझी रेकॉर्ड काढली. "ती मंडळाची आहे," वकील म्हणाले. "करा माझ्यावर केस," मी म्हटलं. काकू दारापर्यंत आल्या आणि माझ्या हातात माझं घड्याळ दिलं. तेही मी विसरले होते.

मिस्त्रींच्या घरी मी त्याच दुपारी गेले. दार त्यांनीच उघडलं. आत या म्हणाले नाहीत.

"मोजलं," मी म्हटलं. "पन्नास सेकंद."

"मला मोजायची गरज नव्हती," ते म्हणाले. बरोबरच होतं.

आतून आवाज आला, "कोण आहे रे?" मग मिस्त्रींना बाजूला व्हावंच लागलं.

खोली लहान आणि लख्ख. खिडकीशी खुर्ची, तिच्यात वडील. कपाटावर मशीन होतं, मिस्त्रींनी स्वतः जुळवलेलं, आणि त्याच्या शेजारी ती रेकॉर्ड, अजून वर्तमानपत्रातच. आठ दिवस ती उघडली नव्हती. वडिलांनी नको म्हटलं होतं.

मी त्यांना सगळं सांगितलं, उजव्या कानाशी, मोठ्याने. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "पडद्याआडून आवाज आले, हात दिसले नाहीत. एक ते मोठ्याने बोलणारे. दुसरे ते वजनवाले. पण तीन विरुद्ध दोन म्हणाले. तिसरा हात कुणाचा? तो माणूस काहीच बोलला नाही."

मिस्त्री खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी घरी माझं नाव सांगितलं नव्हतं. त्या क्षणी ते मला चार शिव्या देते तर बरं झालं असतं.

"माझा," मी म्हटलं.

"का?"

"वकिलांना बरं वाटावं म्हणून."

म्हातारे रागावले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस रागावला की ओरडत नाही, फक्त सरळ बसतो. "लाव रे ती," ते मुलाला म्हणाले. "आणि बाई, आज ऐका."

रेकॉर्ड लागली. आणि फरशीतून बास वर आला. तेच चौघे, तीच चाल, पण आता त्यांना श्वास होता. सॅक्सोफोन रुंद झाला होता, ड्रमवाला हसत होता. बास खाली भक्कम उभा होता आणि प्रत्येकाच्या पावलाखाली जागा करत होता. वडिलांची बोटं मांडीवर हलत नव्हती. ते रेकॉर्ड ऐकतच नव्हते. त्यांनी उजवा कान मशीनकडून वळवून माझ्याकडे केला होता. रेकॉर्ड त्यांना पाठ होती. त्यांना मी काय म्हणते ते ऐकायचं होतं.

मिस्त्रींनी सुई उचलली.

गोड बोलून सुटता आलं असतं. पण त्यांनी ऐका म्हटलं होतं, आणि मी ऐकलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही सगळ्यांना उचलून धरलंत. पण एका जागी खरंच पळालात. पियानो एकदम थांबतो ना, त्याच्या पुढच्या ओळीत. ड्रमवाल्याला तुमच्या मागे धावावं लागलं. दोन ओळींनी तुम्ही परत आलात."

मिस्त्री गर्रकन वळले. मला वाटलं, आता हे मला हाताला धरून बाहेर काढणार.

म्हाताऱ्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "गेलो होतो!" ते ओरडले. "तिथेच गेलो होतो! ड्रमवाला मरेपर्यंत मला त्यावरून बोलायचा. ऐकलंस का रे? यांना ऐकू आलं!" डोळे पाण्याने भरले होते आणि ते हसत होते. मग एकदम हसू थांबलं. ते पुढे वाकले.

"त्या मोठ्याने बोलणाऱ्याने अख्खा वेळ मला पळपुटा म्हटलं. हे म्हणाला का तो? या जागेबद्दल?"

"नाही," मी म्हटलं. "त्याला ऐकू आलं नाही."

"मग दर रविवारी तो तिथे बसून करतो काय?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली आणि माझ्यासाठी तिसरी खुर्ची आणायला आत गेले.